सातारा-सांगलीकडची ‘हटके’ लग्नं आली कुठून?

हल्ली आपल्याकडं कुणाचं लग्न ठरलं की घरातली पोरं पहिलं काय म्हणतात तर आपलं काहीतरी वेगळं करू. पत्रिका बियांच्या कागदावर, तांदळाऐवजी फुलांच्या पाकळ्या, आहेर नको पुस्तकं द्या, हॉल नको शेतातच मांडव घालू, मंगलाष्टका पण आपल्याच. मग बैठकीतलं कोणीतरी वडीलधारं हमखास म्हणतं, ही सगळी पुण्या-मुंबईची फॅडं, आपल्यात असलं कधी नव्हतं. हे वाक्य ऐकलं की मला गप्प बसवत नाही, कारण आपल्यात हे होतं, आणि सातारा-सांगलीच्या पट्ट्यात तर इतकं होतं की बाकीच्यांनी आपल्याकडून शिकावं.

सुरुवात जोतीराव फुल्यांपासून करावी लागते. त्यांचं घराणं मूळ खटाव तालुक्यातल्या कटगुणचं, आणि सावित्रीबाई नायगावच्या, म्हणजे आजच्या खंडाळा तालुक्यातल्या, दोघांची मुळं साताऱ्यातच. २४ सप्टेंबर १८७३ ला पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि तीनच महिन्यांत, २५ डिसेंबर १८७३ ला, समाजाच्या पद्धतीनं पहिलं लग्न लागलं. नवरा सीताराम जबाजी आल्हाट, नवरी राधा निंबणकर. सावित्रीबाईंनी त्यात पुढाकार घेतला होता. भटजी नाही, हुंडा नाही, खर्च अगदी मामुली. आज आपण ‘मिनिमल’ म्हणतो ना, तेच, फक्त त्या काळात त्यासाठी शिव्या आणि बहिष्कार सोसावा लागायचा.

खर्च वाचवणं हा त्यातला एक भाग झाला, पण मला सगळ्यात जास्त भिडतात त्या मंगलाष्टका. जोतीरावांनी त्या मराठीत स्वतः रचल्या आणि १८८७ मध्ये पूजाविधीसकट छापल्या. नेहमीच्या लग्नात काय होतं, आंतरपाटाच्या दोन बाजूंना दोघं मुकाट उभी राहतात आणि बोलतात सगळे दुसरेच, भटजी, मामा, करवल्या. जोतीरावांच्या लग्नात नवरा-नवरी एकमेकांशी बोलतात. नवरी सगळ्यांदेखत सांगते की आम्हा बायकांना स्वातंत्र्याचा अनुभव नाही, तेव्हा बायकांना त्यांचे हक्क देण्याची शपथ घे, आणि नवरा सगळ्यांसमोर ती शपथ घेतो. १८८७ साल! अजून किती मांडवांत नवरीला तोंड उघडायला मिळतं ते आपलं आपण आठवून बघावं.

ही पद्धत लोकांनी सहजासहजी चालू दिली असं अजिबात नाही. जुन्नरकडच्या ओतूरला असं लग्न झालं तर गावजोशी, म्हणजे पिढीजात हक्कानं गावची लग्नं लावणारे भटजी, आपला हक्क बुडाला म्हणून कोर्टात गेले आणि ते भांडण थेट मुंबई हायकोर्टापर्यंत पोचलं. वतनदार जोशाला लग्नाला बोलवा न बोलवा, दक्षिणा द्यायलाच पाहिजे अशी मागणी पुढंही गावोगावी होत राहिली, आणि त्यावर मुंबई प्रांतात कायदा व्हायला १९२६ साल उजाडलं. तोपर्यंत साताऱ्यात बरंच पाणी वाहून गेलं होतं. सत्यशोधक जलसे गावागावांत फिरत होते, जत्रेत डफ-तुणतुण्यावर लोकांना कर्ज, दक्षिणा, लग्नातली उधळपट्टी असं सगळं गाऊन सांगत होते, आणि १९१९ ते १९२१ या काळात सातारा जिल्ह्यात शेतकऱ्यांनी भटजी-सावकारांविरुद्ध मोठा उठाव केला. कर्मवीर भाऊराव पाटील याच वातावरणातले, त्यांच्या ‘रयत’ शिक्षण संस्थेची स्थापना १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावात झाली. शेजारी कोल्हापुरात शाहू महाराजांनी त्याच साली आंतरजातीय लग्नाला कायद्यानं मान्यता दिली होती. हा सगळा एकाच काळातला, एकाच हवेतला मामला आहे.

आता गांधी विवाह. हे नाव सांगली जिल्ह्यातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, डोळे चमकतात त्यांचे. १९४३ ते १९४६, प्रतिसरकारचा, म्हणजे इंग्रजांना न जुमानता लोकांनी गावोगावी चालवलेल्या सरकारचा काळ. तेव्हा सांगली वेगळी नव्हती, सगळा मिळून एकच सातारा जिल्हा, १९४९ ला दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० ला त्याला सांगली नाव मिळालं. क्रांतिसिंह नाना पाटील वाळवा तालुक्यातल्या येडेमच्छिंद्रचे, सत्यशोधक चळवळीतून आलेले. इंग्रजांची कचेरी सोडून लोकांनी आपला न्यायनिवाडा आपणच करायचा, दारूबंदी करायची, सावकाराला वठणीवर आणायचं, हे चाललं होतंच, पण नानांनी आणि त्यांच्या कार्यकर्त्यांनी लग्नालाही हात घातला. थोडकी माणसं, बँड नाही, हुंडा नाही, मानपान नाही, खादीचे कपडे, सुताचे हार, दोन भाषणं, लग्न लागलं. कारण साधं होतं, पोरीच्या लग्नापायी शेतकरी सावकाराकडं जमीन गहाण टाकायचा आणि ती जमीन परत यायची नाही. त्यात महायुद्धाची महागाई, धान्याची टंचाई. एका मांडवात अनेक जोडप्यांची लग्नं लागायची. मला नानांचा यातला शहाणपणा फार मोठा वाटतो, कारण त्यांनी लोकांना गरीबासारखं लग्न करा असं सांगितलं नाही, देशाच्या कामासारखं करा असं सांगितलं, त्यामुळं साधं लग्न करण्यात कमीपणा उरलाच नाही, उलट ती मिरवायची गोष्ट झाली. आजही घरातल्यांना पटवायचं असेल तर हीच वाट आहे, खर्च वाचतो म्हणून सांगितलं की लोक नाक मुरडतात, अभिमानानं सांगितलं की ऐकतात.

स्वातंत्र्यानंतर दोन धागे पुढं गेले. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर वस्त्यावस्त्यांत पांढऱ्या कपड्यांतली लग्नं सुरू झाली, समोर बुद्ध आणि बाबासाहेबांची प्रतिमा, त्रिशरण-पंचशील, आणि दोघांनी घेतलेल्या प्रतिज्ञा. आणि १९८९ नंतर साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या अंनिसनं, म्हणजे अंधश्रद्धा निर्मूलन समितीनं, सत्यशोधक आणि आंतरजातीय लग्नांना पाठबळ दिलं, नुसतं भाषणातून नाही तर घरच्यांची समजूत घालण्यापासून साक्षीदार म्हणून सही करण्यापर्यंत.

पण मधल्या काळात उलटं वारं पण जोरात आलं. उसाचा पैसा आला, रस्त्याकडंला मंगल कार्यालयं उभी राहिली, मग डीजे, ड्रोन, प्री-वेडिंग शूट. ज्या भागानं गांधी विवाह दिला त्याच भागात लग्नपत्रिकेत शंभर-दीडशे प्रमुख उपस्थितांची नावं छापायला लागले आणि पुढाऱ्याची वाट बघत मुहूर्त टळायला लागले, याचं मला मनापासून वाईट वाटतं. कोरोनात मात्र सगळ्यांचा नाइलाज झाला. एप्रिल २०२१ मध्ये राज्य सरकारनं २५ माणसं आणि दोन तास एवढीच परवानगी ठेवली होती, मोडलं तर ५० हजार दंड. लोकांनी घरासमोरच्या अंगणात लग्नं उरकली आणि पहिल्यांदा लक्षात आलं की एवढ्यात पण होतंय की. ‘साखरपुड्यात लगीन’ आपल्याकडं आधीपासून होतंच, त्याला आणखी बळ आलं.

त्यानंतर मे २०२२ मध्ये सांगलीला लागून असलेल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला आणि त्याच महिन्यात सरकारनं बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. याचा लग्नाशी थेट संबंध आहे, कारण वडील नसलेल्या पोरीच्या हळदीत तिची आई कोपऱ्यात उभी असते हे दृश्य आपण सगळ्यांनी पाहिलंय.

वाळवा तालुक्यात नात्यातल्या एका लग्नाला गेले होते तिथं हे बदललेलं बघितलं. ऊस तुटून गेलेल्या रानात मांडव, स्टेज नाही, माणसं गोल बसलेली. पहिली हळद नवरीच्या आईनं लावली, बारा वर्षांनी तिच्या बोटांना हळद लागली असेल, दोन्ही गाल झाले तरी ती हात मागं घेईना, पोरीची कोपरं, मनगटं, पायाची बोटं, सगळीकडं लावत बसली. कन्यादान नव्हतं. दोघांनी आपापलं लिहून आणलेलं वाचलं, पोराचा कागद वाऱ्यानं उडायला लागला तर करवलीनं तो धरला. त्यानं वाचलं, “तुझी आई एकटी राहणार नाही, तिची जबाबदारी माझीही.” पोरीनं वाचलं, “शेतीचे निर्णय आपण दोघं मिळून घेणार आणि सातबाऱ्यावर माझं पण नाव पाहिजे.” बायकांच्या बाजूनं असल्या टाळ्या पडल्या! पंगतीला लापशी, वांग्याची भाजी, आमटी-भात, बास. डेकोरेशनची आयडिया कुठलीही उचला, पण दोघांचं स्वतःचं बोलणं नसेल तर मला ते लग्न वेगळं वाटत नाही, नुसता मांडव वेगळा.

आणि एक गोष्ट सगळ्यांनी नीट समजून घ्या, कायद्याची. हिंदू विवाह कायदा १९५५ चा, त्याच्या कलम ७ प्रमाणे दोघांपैकी एकाच्या रूढीतले विधी व्हायला लागतात, आणि २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं स्पष्ट सांगितलं की विधी न करता नुसतं सर्टिफिकेट काढलं तर ते हिंदू विवाह ठरत नाही. तमिळनाडूनं १९६७ मध्येच पुरोहिताशिवायच्या स्वाभिमान विवाहासाठी कायद्यात वेगळं कलम घातलं, महाराष्ट्रात तसं कलम नाही, आणि फुल्यांच्या महाराष्ट्रात ते नसावं हे मला खटकतं. म्हणून विधी अजिबात नको असतील किंवा दोघांचे धर्म वेगळे असतील तर सरळ १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली जा. त्यात दोघांपैकी एकजण नोटिशीच्या आधी किमान ३० दिवस त्या जिल्ह्यात राहिलेला पाहिजे, नोटीस दिल्यावर परत ३० दिवस थांबायचं, मग विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदारांसमोर दोघांनी एकमेकांचा स्वीकार केल्याचं बोलायचं आणि सह्या करायच्या. समारंभ कुठल्याही पद्धतीचा चालतो, कायदाच तशी मुभा देतो. तेव्हा मांडवाची तारीख धरायच्या आधी नोटिशीची तारीख धरा, नाहीतर पत्रिका छापून होते आणि नोटिशीचे दिवस भरायचे राहतात.