अ‍ॅनिमेतला मोंमोरांसी आणि इतिहासातला झील द रे: किमयागार नेमका कोण?

‘युलिसिस: जान दार्क अँड द अल्केमिस्ट नाइट’ ही 12 भागांची अ‍ॅनिमे मालिका 2018 साली ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात आली. मिकागे कासुगा यांच्या लाइट नॉव्हेल (छोट्या सचित्र जपानी कादंबऱ्या) मालिकेवर ती बेतलेली आहे. पाहून झाली की बरेच जण तिचा नायक मोंमोरांसी खरा होता का ते शोधायला जातात. शोधात झील द रे हे नाव सापडतं आणि मग दोन वाक्यं हमखास ऐकू येतात: ‘तो खरोखरच किमयागार होता’ आणि ‘तो तर लहान मुलांचा खुनी होता’. दुसऱ्या वाक्याला 1440 च्या खटल्याच्या कागदपत्रांचा आधार आहे. घोळ पहिल्या वाक्यात आहे. झीलने किमयागार पोसले, भट्ट्या बांधून दिल्या, पैसा ओतला. पण किमया ही त्याची विद्या नव्हती, आणि या नादाने त्याला पुरतं घेरलं तोवर इंग्रजांशी लढलेल्या जोन ऑफ आर्कला (मालिकेतली झान) जाऊन सात-आठ वर्षं झाली होती.

नावापासूनच सुरुवात करू. झील हा मोंमोरांसी-लावाल घराण्यातला. ‘रे’ हे नांत शहराच्या नैर्ऋत्येकडच्या जहागिरीचं नाव. अ‍ॅनिमेने घराण्याचं नाव ठेवलं आणि जहागिरीचं गाळलं. ही मोठी हुशारी आहे, कारण ‘रे’ म्हटलं की फ्रान्समध्ये अजूनही खटला आठवतो, ‘मोंमोरांसी’ म्हटलं की नुसतं एक बडं घराणं. नायकाला स्वच्छ पाटी मिळाली ती अशी. याउलट ‘फेट/झीरो’ या दुसऱ्या मालिकेत कॅस्टर नावाचं पात्र म्हणून येतो तोही हाच झील. तिथे त्याचं काळं रूप तेवढं उचललंय. एकाच माणसाची ही दोन टोकं आहेत हे पाहणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

आता काळ. अ‍ॅनिमेत मोंमोरांसी पॅरिसच्या शाही विद्यालयात शिकणारा तरुण आहे. रिशमाँ, ला ईर आणि बर्गंडीचा फिलिप हे इतिहासातले पुरुष तिथे मुली आहेत. 25 ऑक्टोबर 1415 ला आझँकूरच्या लढाईत फ्रान्स इंग्रजांकडून हरतो आणि शाळेचे दिवस संपतात. प्रत्यक्षात झीलचा जन्म 1405 च्या आसपासचा, म्हणजे आझँकूरच्या वेळी तो दहा-अकरा वर्षांचा पोर होता. त्या लढाईत त्याचा मामा आमोरी द क्रां मारला गेला. आई-वडीलही त्याच सुमारास गेले आणि मुलगा आजोबांच्या, जां द क्रां यांच्या हाती पडला. म्हातारा श्रीमंत आणि बेगुमान. नातवाचं लग्न त्याने मुलीला पळवून आणून लावलं. खरा रिशमाँ तर आझँकूरला इंग्रजांच्या कैदेत सापडला आणि पुढे 1425 मध्ये फ्रान्सचा सरसेनापती झाला. तेव्हा ‘हे सगळे एका वर्गात होते’ हा भाग निव्वळ अ‍ॅनिमेचा.

झील आणि जोन यांची गाठ मात्र खरी आहे, पण थोडक्या दिवसांची. 1429 च्या वसंतात ब्ल्वाहून ऑर्लेआँकडे निघालेल्या रसदीबरोबर तो होता. 8 मे ला ऑर्लेआँला पडलेला इंग्रजांचा वेढा उठला, 18 जूनला पाते इथे इंग्रज मोडले, 17 जुलैला रेंसच्या राज्याभिषेकात झील मार्शल झाला, 8 सप्टेंबरला पॅरिसवरच्या फसलेल्या हल्ल्यातही होता. एवढ्या पाच महिन्यांत किमया कुठेच नाही. जोनला 30 मे 1431 ला रुआँमध्ये जाळलं.

अ‍ॅनिमेत क्रम उलटा आहे: आधी किमया, मग झान. तिला मिळणारी अमानवी शक्तीच परिसाच्या जोरावर येते. कथेला हे हवंच होतं, नाहीतर नायकाकडे झानला देण्यासारखं राहिलंच काय असतं!

प्रत्यक्षात किमयेकडे त्याला रेटलं ते कर्जाने. नोव्हेंबर 1432 मध्ये आजोबा वारले आणि लगाम सुटला. स्वतःचं गायकवृंदासह चॅपल, ऑर्लेआँच्या वेढ्यावरचे अवाढव्य नाट्यप्रयोग, पाहुण्यांच्या पंगती. गावं आणि किल्ले विकायला निघाले. शेवटी नातेवाईक राजाकडे गेले आणि जुलै 1435 मध्ये त्याच्याशी जमिनीचे व्यवहार करू नयेत असा शाही हुकूम निघाला. विकायला बंदी आणि उधळपट्टी चालूच, अशा माणसाला ‘पाऱ्याचं सोनं होतं’ हे वाक्य किती गोड लागलं असेल!

खटल्यातल्या कबुलीत त्याने सांगितलेल्या कामाचा गाभा आहे ‘पारा गोठवणे’. तेव्हाची समजूत अशी, की सगळे धातू पारा आणि गंधक यांच्या संयोगाने बनतात. पारा घट्ट करता आला की चांदी-सोन्याची अर्धी वाट सरली. त्या काळी फिरणारी एक कृती: शिसं वितळवायचं, ते आळायला लागलं की मधोमध खळगा करायचा आणि फडक्यात बांधलेला पारा त्यात ठेवायचा. शिशाच्या ‘वासाने’ पारा घट्ट होतो म्हणायचे. होतो खरा, कारण शिसं पाऱ्यात विरघळतं आणि करड्या रंगाचा ठिसूळ गोळा तयार होतो. पण तोच गोळा मुशीत घालून भाता मारला की पारा 357 अंश सेल्सिअसला उकळून उडून जातो आणि तळाशी आधीचं शिसं तेवढं उरतं. नुसता पारा गोठवायचा तर उणे 39 अंश लागतात. फ्रान्सच्या तळघरात ते कुठून येणार? पाऱ्याबरोबर गंधक खलला तर काळी भुकटी होते, तापवून वर चढवली की लाल हिंगूळ. रंग बघून ‘आता सोनं फार दूर नाही’ असं वाटायचं, पण तो रंग पारा-गंधकाच्या संयुगाचा. वर भट्टीजवळ बसणाऱ्याच्या छातीत पाऱ्याची वाफ जायची ती वेगळीच.

खरं-खोटं ठरवायची पक्की रीत त्या काळी सोनारांना ठाऊक होती. हाडांच्या राखेची वाटी करायची, नमुना शिशाबरोबर तीत वितळवायचा आणि हवेचा झोत द्यायचा. शिसं आणि हिणकस धातू यांची राख वाटीत जिरते आणि सोनं-चांदीचा मणी वर राहतो. किमयागाराने दिलेल्या गोळ्यातून मणी निघाला, तर आधी शंका घ्यावी ती त्याने आत लपवलेल्या चांदीची. कोळशाला भोक पाडून आत चांदीचा कीस भरायचा आणि मेणाने बुजवायचं, ही युक्ती तेव्हाही जुनीच होती. कोळसा जळला की कीस आपसूक मुशीत.

झीलच्या वाट्याला एवढाही कसबी ठग आला नाही. एका सोनाराला त्याने चांदीचा एक मार्क, म्हणजे सुमारे 245 ग्रॅम, देऊन खोलीत कोंडलं. येऊन बघतो तर सोनार दारू पिऊन गाढ झोपलेला. झीलने त्याला शिव्या देऊन हाकललं. चांदी सोनाराकडेच राहिली.

परिसाबद्दलही घोटाळा होतो. मराठीत परीस म्हणजे लोखंडाला टेकवायचा दगड. युरोपी ग्रंथांतला ‘तत्त्वज्ञाचा दगड’ बहुतेक वेळा लाल भुकटी असते. चिमूटभर मेणात गुंडाळून वितळलेल्या धातूवर टाकायची. त्यातूनच आयुष्य वाढवणारं अमृत निघतं अशीही कल्पना होती, आणि अ‍ॅनिमेने उचलली ती हीच. आपल्या रसशास्त्रात, म्हणजे पाऱ्याच्या विद्येत, यासाठी दोन नेमके शब्द आहेत. सिद्ध पाऱ्याने धातू पालटणं तो लोहवेध, शरीर पालटणं तो देहवेध. मोंमोरांसीचं काम देहवेधाचं. झीलला हवा होता लोहवेध, आणि तोही सावकार दारात यायच्या आत.

अ‍ॅनिमेच्या नायकाशी खरं साम्य कोणाचं असेल, तर ते फ्रान्सेस्को प्रेलातीचं. विशीतला, शिकलेला, बोलण्यात पटाईत असा हा इटालियन. झीलचा पाद्री यूस्ताश ब्लांशे याने 1439 मध्ये त्याला फ्लोरेन्सहून तिफोजच्या किल्ल्यात आणलं. प्रेलाती भट्टीही पेटवायचा आणि ‘बारों’ नावाच्या पिशाच्चाला आवाहनही करायचा. ही दोन कामं वेगळी. पहिल्याला फ्रान्समध्ये 1380 पासून राजाची बंदी होती, दुसरं धर्मन्यायालयाच्या कचाट्यात नेणारं. झीलने बारोंसाठी चिठ्ठीही लिहून दिली: माझा आत्मा आणि आयुष्य सोडून काय हवं ते माग. पिशाच्च काही त्याच्या नजरेला पडलं नाही. प्रेलातीच्या जबानीप्रमाणे एकदा खोलीभर सोनं दिसलं, पण आत हिरवा साप होता. धीर करून पुन्हा गेले तेव्हा हाताला लागली पिवळट भुकटी. पुढे युवराज लुई येतोय असं कळल्यावर भट्ट्या फोडून टाकाव्या लागल्या.

झीलने स्वतः काहीच केलं नाही असंही नाही. तरुणपणी आंजेमध्ये कैदेतल्या एका सरदाराकडून त्याने किमया आणि पिशाच्चविद्येचं हस्तलिखित मिळवून वाचलं होतं, आणि पुढे प्रयोगांच्या वेळी तो हजर असायचा. पण दरवेळी विद्या दुसऱ्याची आणि खर्च याचा.

15 सप्टेंबर 1440 ला त्याला माशकूलला पकडलं आणि 26 ऑक्टोबरला नांतमध्ये दोन नोकरांसह फाशी देऊन चितेवर चढवलं. धर्मन्यायालयाच्या आरोपपत्रात 140 किंवा त्याहून जास्त मुलांच्या हत्येचा उल्लेख आहे. बेपत्ता मुलांच्या आई-बापांनी साक्षी दिल्या, झीलने कबुली दिली. शंका घेणारेही आहेत. खटला चालवणारा बिशप मालेस्त्र्वा हा ब्रिटनीच्या ड्यूकचा चॅन्सेलर होता आणि झीलच्या किल्ल्यांवर ड्यूकचा डोळा होता. शिवाय छळाची धमकी दिल्यावरच कबुली आली. 1992 मध्ये पॅरिसला भरलेल्या एका अनौपचारिक ‘न्यायालयाने’ त्याला निर्दोष ठरवलं, पण त्याला कायद्याचं काही बळ नाही. बहुतेक इतिहासकार साक्षींचा भार पाहून तो दोषीच होता असं मानतात. अ‍ॅनिमे या वाटेलाच जात नाही.

प्रेलातीला जन्मठेप झाली. तो तुरुंगातून निसटला आणि रने दांजू या ड्यूकच्या आश्रयाला गेला. तिथेही किमयेच्याच बोलीवर.