साडेपाचची एसटी

माझ्या कपाटात एका मुलीचं प्रॅक्टिकलचं जर्नल पडून आहे. आत दहा प्रयोग. सातांवर माझी सही आणि तारीख. आठवा स्पेक्ट्रोमीटरचा, म्हणजे प्रिझममधून जाताना प्रकाश किती वळतो ते मोजणाऱ्या उपकरणाचा. त्याचा उद्देश, साहित्य, आकृती सगळं सुवाच्य अक्षरात लिहिलेलं आहे, निरीक्षणांचा तक्ता मात्र कोरा आहे.

तालुक्याच्या गावी पदवीच्या मुलांना मी भौतिकशास्त्र शिकवते. स्पेक्ट्रोमीटर हाताळलेल्यांना ठाऊक असेल, त्यात वाचनं घ्यायला फारसा वेळ लागत नाही, वेळ जातो तो उपकरण जुळवण्यात. दुर्बीण आधी लांबच्या वस्तूवर स्थिर करायची, मग प्रिझमचं टेबल सपाट करायचं, फट बारीक करायची. नवख्या हाताला दीड-दोन तास सहज लागतात. आमची बॅच तीन ते सहा. या मुलीच्या गावाला जाणारी शेवटची एसटी साडेपाचची. सव्वापाचला ती दप्तर उचलायची, म्हणजे नेमकी आकडे घ्यायची वेळ आली की ती स्टँडकडे निघालेली असायची. पुढचं ओघानंच आलं. जर्नल सर्टिफाय झालं नाही, प्रॅक्टिकलला बसता आलं नाही, एटीकेटी लागली आणि पुढच्या वर्षी ती आलीच नाही. लेखी परीक्षेत ती वर्गात तिसरी होती. कॉलेजच्या कागदावर तिची नोंद 'गळती' या रकान्यात झाली.

मुलं शिक्षण अर्धवट का सोडतात असं स्टाफरूममध्ये कुणाला विचारलं तर उत्तर तयार असतं: अभ्यास नको, मोबाइल हवा, पाया कच्चा. पाया कच्चा असतो हे काही अंशी खरं आहे. पण या प्रश्नावर गेल्या वीस वर्षांत जे प्रयोग झाले, ते वाचल्यापासून ते तयार उत्तर माझ्या तोंडून निघत नाही.

मुळात या विषयात खात्रीनं काही सांगणंच अवघड होतं. पुस्तकं असलेल्या घरातली मुलं जास्त गुण मिळवतात. पण म्हणून घरोघरी पुस्तकं वाटली की गुण वाढतील असं नाही. ज्या घरात पुस्तकं असतात तिथं बहुधा शिकलेली आई असते, अभ्यासाला कोपरा असतो, क्लासच्या फीचे पैसे असतात. यातलं काय उपयोगी पडलं ते वेगळं काढायचं कसं? १९६६ साली अमेरिकेत समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांनी सहा लाखांहून अधिक विद्यार्थ्यांची पाहणी केली. मुलांच्या गुणांतला फरक शाळेच्या सोयींपेक्षा घरच्या परिस्थितीशी जास्त जोडलेला दिसतो, असा त्याचा निष्कर्ष होता. तो अनेकांनी सोयीस्कर वाचला: घरच तसं, तर शाळा काय करणार? पाहणीतून आज काय आहे ते कळतं. एखादी गोष्ट बदलली तर काय होईल ते कळायला प्रत्यक्ष बदलून पाहावं लागतं, आणि तेही औषधांच्या चाचण्यांत करतात तसं. सारख्या परिस्थितीतल्या मुलांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे आणि एकाच गटाला मदत द्यायची. चिठ्ठीला कुणाची आई शिकलेली आहे ते ठाऊक नसतं, त्यामुळे पुढे दोन गटांत जो फरक पडेल तो मदतीचाच असतो.

असा एक नमुनेदार प्रयोग न्यूयॉर्कमध्ये झाला. तिथल्या सिटी युनिव्हर्सिटीच्या कम्युनिटी कॉलेजांत दोन वर्षांची पदवी मिळते. येणारी मुलं बहुतेक गरीब घरांतली, अनेक जण नोकरी सांभाळून शिकणारी. बऱ्याच जणांचं गणित किंवा इंग्रजी इतकं कच्चं की आधी उजळणीचे वर्ग करावे लागतात. पदवीपर्यंत पोचणारे थोडेच. विद्यापीठानं २००७ मध्ये 'असॅप' नावाची योजना सुरू केली आणि २०१० मध्ये तीन कॉलेजांतल्या सुमारे ९०० विद्यार्थ्यांवर ती चिठ्ठ्या टाकून तपासली गेली.

योजनेत भव्य असं काहीच नव्हतं. शिष्यवृत्ती मिळूनही फीची जी रक्कम उरते ती माफ. पुस्तकं मोफत. मेट्रो-बसचा महिन्याचा पास मोफत. हवी तेव्हा शिकवणी. एकाच बॅचच्या मुलांना शक्यतो एकत्र तास. आणि एक सल्लागार, ज्याच्याकडे साठ ते ऐंशीच विद्यार्थी असतील. एरवी त्या कॉलेजांत एका सल्लागाराच्या वाट्याला सहाशेच्या वर विद्यार्थी येत. मुलांनी दोन गोष्टी पाळायच्या होत्या: पूर्ण वेळ शिकायचं आणि उजळणीचे विषय सुरुवातीलाच संपवायचे. महिन्याचा पास हातात पडायचा तो सल्लागाराला भेटणाऱ्यांना. मला या योजनेतली सगळ्यात शहाणी गोष्ट हीच वाटते. प्रवासाची अडचण सोडवता सोडवता त्यांनी मुलाला महिन्यातून निदान एकदा अशा माणसासमोर आणून बसवलं, जो नावानं हाक मारून विचारेल, 'मागच्या चाचणीला का नव्हतास?'

तीन वर्षांनी मोजलं तेव्हा नेहमीच्या गटातले २२ टक्के विद्यार्थी पदवीधर झाले होते, योजनेतले ४० टक्के. शिक्षणाच्या संशोधनात इतका फरक क्वचित दिसतो. मुलांची निवड चिठ्ठीनं झालेली, म्हणजे दोन्ही गटांत हुशारी सारखीच होती. पुढे ओहायो राज्यातल्या तीन कॉलेजांनी हाच नमुना उचलला, तिथंही तीन वर्षांनी १९ विरुद्ध ३५ टक्के असं चित्र दिसलं. न्यूयॉर्कमध्ये दर विद्यार्थ्यामागे खर्च नेहमीच्या दीडपटीहून थोडा जास्त झाला. पण पदवी घेऊन बाहेर पडणारे इतके वाढले की एकेका पदवीमागचा खर्च उलट कमी निघाला. अर्ध्यात गेलेल्या विद्यार्थ्यावर झालेला खर्च आपण कधी हिशेबात धरत नाही, म्हणून हे आश्चर्य वाटतं.

यातल्या नेमक्या कोणत्या गोष्टीनं काम केलं? प्रयोगात सगळं एकदम दिलेलं असल्यामुळे ते वेगळं काढता येत नाही. माझा कौल 'एकदम' या शब्दालाच आहे. फी माफ झाली पण बस नाही, बस आहे पण गणितात अडल्यावर विचारायला कुणी नाही, अशा अवस्थेत मुलगा कुठल्या तरी एका फटीतून खाली पडतोच.

रक्कम किती लहान असू शकते याचं उदाहरण अटलांटाच्या जॉर्जिया स्टेट युनिव्हर्सिटीत सापडलं. फीची बाकी राहिली म्हणून दर सत्रात शेकडो विद्यार्थ्यांची नावं कमी केली जात होती. त्यांत पदवीच्या अगदी उंबरठ्यावर पोचलेले कितीतरी होते, आणि बाकी अनेकदा काहीशे डॉलरांचीच. विद्यापीठानं २०११ पासून अशांना स्वतःहून छोटं अनुदान द्यायला सुरुवात केली. मुलानं अर्ज करायचाच नाही. बाकी दिसली आणि अभ्यास नीट चालू असला की विद्यापीठच पैसे भरतं. कार्यालयाच्या खिडकीत उभं राहून 'घरी पैसे नाहीत' हे वाक्य पाच जणांसमोर उच्चारणं एकोणीस वर्षांच्या मुलाला किती जड जातं, ते आपल्याकडच्या प्रवेशाच्या रांगेत मी दर वर्षी पाहते.

बस आणि अंतर यांचा विषय निघाला की बिहारकडे पाहावं लागतं. तिथं २००६ मध्ये नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी २००० रुपये द्यायला सुरुवात झाली. अर्थशास्त्रज्ञ कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश यांनी त्याचा परिणाम मोजला. इथं चिठ्ठ्या टाकता येत नव्हत्या, कारण सायकल राज्यभर दिली जात होती. त्या काळात रस्तेही सुधारत होते, मग श्रेय सायकलीचं की रस्त्यांचं? त्यांनी तुलना दोन बाजूंनी केली. एक, बिहारमधल्याच मुलग्यांशी, ज्यांना तेव्हा सायकल मिळत नव्हती. दुसरी, शेजारच्या झारखंडमधल्या मुला-मुलींशी. हे राज्य २००० पर्यंत बिहारचाच भाग होतं. दोन्ही वजा करून जे उरलं ते असं: माध्यमिक शाळेत योग्य वयात दाखल होणाऱ्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलं, मुलगे-मुलींमधली दरी ४० टक्क्यांनी कमी झाली. सर्वांत जास्त फरक पडला तो शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून लांब असलेल्या गावांत. दहावीच्या परीक्षेला बसणाऱ्या मुली १८ टक्क्यांनी वाढल्या, पास होणाऱ्या १२ टक्क्यांनी. या शेवटच्या दोन आकड्यांतलं अंतर नजरेआड करू नये. सायकल शाळेच्या दारापर्यंत नेते, पुढचं काम वर्गातल्या शिक्षकाचं आहे.

आपल्याकडे ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत मिळतो. पदवीला आलं की सवलतीचा पास काढावा लागतो. पण पास फुकट असो की सवलतीचा, गाडीच साडेपाचची असेल तर त्याचा उपयोग साडेपाचपर्यंतच.

आता अंतर आणि पैसा यांच्या पलीकडचं थोडं. आनंदी मणी, सेंथिल मुल्लैनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तमिळनाडूतल्या ऊस उत्पादक शेतकऱ्यांना एकाग्रतेच्या आणि तर्काच्या सोप्या चाचण्या दिल्या. एकदा ऊस तुटायच्या आधी, हात रिकामा असताना, आणि एकदा ऊस जाऊन पैसे आल्यावर. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात तीच माणसं ओढाताणीच्या दिवसांत कमी गुण मिळवत होती. हा परिणाम किती मोठा यावर संशोधकांत वाद आहे, पण दिशा ओळखीची वाटते. आपल्याकडे कॉलेजची फी जून-जुलैत भरायची असते, म्हणजे बियाणं, खतं, पेरणी यांच्या ऐन धामधुमीत. घरात उसनवारी चाललेली असताना मुलगा वर्गात शरीरानं बसलेला असतो.

आणि दुसरा अभ्यास मला अस्वस्थ करतो. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या सहावी-सातवीच्या मुलग्यांना चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली, सुटलेल्या प्रत्येक कोड्याला एक रुपया. मुलं निम्मी वरच्या मानल्या गेलेल्या जातींची, निम्मी दलित. जात उच्चारली गेली नाही तेव्हा दोन्हींची कामगिरी जवळजवळ सारखी होती. दुसऱ्या काही गटांत कोडी देण्याआधी प्रत्येकाचं नाव, गाव, वडिलांचं नाव, आजोबांचं नाव आणि जात मोठ्यानं वाचून दाखवली. एवढ्यानं दलित मुलांची सोडवलेली कोडी लक्षणीय कमी झाली. कोडी त्याच पातळीची होती, मुलंही तशीच. आपल्या कॉलेजांत शिष्यवृत्तीच्या फॉर्मसाठी भर वर्गात प्रवर्गानुसार नावं पुकारली जातात. ती पद्धत आजच बंद करावी. यादी मोबाइलवर पाठवायला खर्च काहीच येत नाही.

अमेरिकेत ग्रेग वॉल्टन आणि जेफ्री कोहेन यांनी उलट बाजूनं प्रयत्न केला. पहिल्या वर्षाच्या मुलांना सुमारे तासभर सांगितलं की 'आपण इथले नाही' ही भावना सुरुवातीला सगळ्यांनाच असते आणि ती हळूहळू जाते. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण पुढची तीन वर्षं सुधारत गेले. नंतर २२ कॉलेजांत हे मोठ्या प्रमाणावर केलं, तेव्हा परिणाम छोटा निघाला आणि तोही जिथं त्या मुलांना सामावून घेणारं वातावरण खरोखर होतं तिथंच. नुसत्या दिलाशानं भागत नाही, कॉलेजनं जागा करून द्यावी लागते.

ही जागा करून देणं महाराष्ट्राला नवं नाही. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभारलं, मग एकेका समाजासाठी वसतिगृहं निघाली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी १९०८ मध्ये मिस क्लार्क वसतिगृह निघालं. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याच्या बोर्डिंगमध्ये सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली, आणि त्या मुलांचं जेवण अडलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं. त्याआधी पुण्यात गरीब मुलगे वार लावून, म्हणजे आठवड्याच्या एकेका दिवशी एकेका घरी, जेवत आणि शिकत, पण ती सोय ज्यांना घरात घेतलं जाई त्यांच्यापुरतीच होती. शिकवायच्या आधी राहायची, जेवायची आणि अपमान न होण्याची व्यवस्था लागते, हे या माणसांना कुठल्याही चाचणीशिवाय कळलं होतं. न्यूयॉर्कचा तक्ता मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला सातारचं बोर्डिंगच आठवलं.

यंदा वेळापत्रक करताना आम्ही एसटी स्टँडवरच्या फलकाचा फोटो समोर ठेवला. स्पेक्ट्रोमीटरची बॅच आता सकाळी साडेअकराला बसते आणि दोनच्या सुमारास तक्ते भरलेले असतात. पहिल्या वर्षाच्या प्रत्येक मुलामागे शेवटच्या गाडीची वेळ लिहिलेली एक वही मी केली आहे.

जर्नलवाल्या मुलीला राहिलेल्या प्रॅक्टिकलला पुन्हा बसता येतं का, ते परीक्षा विभागात विचारून आले. मुदत अजून संपलेली नाही. तिच्या गावाहून येणाऱ्या एका मुलीकडून नंबर घेतला आहे. रविवारी, शेतातून सगळे घरी परतल्यावर, फोन करणार आहे.