बेडकाचे पाय, माणसाचे गुडघे

एप्रिल-मे लागला की सोलापूरच्या आसपास शेतातल्या विहिरी पोरांनी गजबजतात. पाठीला सुका भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधून पाण्यात सोडलेलं पोर चार-आठ दिवसांत बेडकासारखे पाय मारू लागतं. तीच मुलं पुढे तलावावर ब्रेस्टस्ट्रोक, म्हणजे छातीवर राहून बेडकासारखं पोहणं, शिकायला येतात. पाण्याची भीती केव्हाच गेलेली असते. मोडायची असते ती पायांची सवय.

स्पर्धेतल्या पोहण्याच्या चार प्रकारांत ब्रेस्टस्ट्रोक सर्वांत संथ. पुरुषांच्या १०० मीटर फ्रीस्टाइलमध्ये चीनच्या पान झानलेने २०२४ साली ४६.४० सेकंदांची वेळ दिली. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये ब्रिटनच्या अ‍ॅडम पीटीची २०१९ ची वेळ ५६.८८. फ्रीस्टाइलचा हात हवेतून पुढे येतो. इथे कोपर पाण्यातच ठेवायचे, हा नियम. त्यात पाय जवळ घेताना मांड्या पाण्याला आडव्या येतात. वेग दुप्पट झाला तर पाण्याचा विरोध साधारण चौपट होतो, त्यामुळे दर स्ट्रोकला वेग पडतो आणि पुन्हा उभा करावा लागतो.

तो उभा करतात पाय. टाचा नितंबांकडे आणायच्या, गुडघ्यांत खांद्यांपेक्षा जास्त अंतर नको. मग पायाची बोटं नडगीकडे ओढून पावलं बाहेर वळवायची. हा क्षण सगळ्यात मोलाचा, कारण पाणी ढकलायचं ते तळव्याच्या आणि नडगीच्या आतल्या बाजूने. तिथून बाहेर-मागे-आत असा झटका, शेवटी तळवे जुळलेले. विहिरीतल्या सवयीने पावलं मागे ताणलेलीच राहिली, तर ढकलायला पृष्ठभागच उरत नाही. पोरगं दमतं, पुढे सरकत नाही. एक पाय वर-खाली कात्रीसारखा गेला, तर पंच थेट बाद करतात.

झटक्यानंतर हात लांब, डोकं हातांच्या मध्ये, अंग सरळ, आणि क्षणभर काहीच करायचं नाही. नवख्यांना हेच जमत नाही. हात खांद्यांच्या मागे ओढला की तो परत आणताना मिळवलेला वेग निघून जातो. २५ मीटरला किती स्ट्रोक लागले ते रोज मोजावं. वेळ तीच राहून आकडा घटला, तर सुधारणा खरी.

या झटक्याची किंमत गुडघा मोजतो. नडगी बाहेर फिरते तेव्हा गुडघ्याच्या आतल्या बाजूच्या अस्थिबंधावर ताण येतो. खुबा आत वळायला ताठ असेल, तर ते वळणही गुडघ्यावरच पडतं. भारताच्या संदीप सेजवालने २००८ चं बीजिंग ऑलिंपिक गाठलं आणि २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत ५० मीटर ब्रेस्टस्ट्रोकचं कांस्य जिंकलं. इतकी वर्षं वरच्या पातळीवर राहायचं, तर गुडघे लहानपणापासूनच जपायला हवेत. आधी फ्रीस्टाइलने अंग गरम करावं, मगच जोरदार किक. खुब्याची लवचीकता आणि मांडीच्या आतल्या स्नायूंची ताकद जमिनीवर वाढवावी. आतल्या बाजूला दुखू लागलं, तर किक त्याच दिवशी थांबवावी. मांड्यांमध्ये पुलबॉय, म्हणजे पाय तरंगते ठेवणारा फोमचा ठोकळा, धरून नुसत्या हातांचा सराव करता येतो, म्हणजे तलाव सुटत नाही. दुखणं चालताना किंवा जिना उतरताना जाणवलं, तर मात्र डॉक्टरांना दाखवावंच.