‘जुनं हॉटेल कुठं?’: कोल्हापूर स्टेशनबाहेरच्या चार तासांची पार्श्वभूमी

तिरुपतीहून हरिप्रिया एक्सप्रेसनं यायचं, अंबाबाईचं दर्शन घ्यायचं आणि रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस पकडून मुंबईकडं जायचं. अशा प्रवाशाच्या हातात मधले काही तास मोकळे असतात. देवळातून बाहेर पडला की तो रिक्षावाल्याला विचारतो, ‘इथलं जुनं हॉटेल कुठलं?’ उत्तर म्हणून दोन-तीन मिसळींची नावं येतात. पण मिसळ हा सकाळचा जिन्नस, आणि दुपारनंतर बऱ्याच जुन्या ठिकाणचा कट, म्हणजे मिसळीवरचा तिखट रस्सा, संपलेला असतो.

मिरज-कोल्हापूर लोहमार्ग कोल्हापूर संस्थानानं बांधला. मुहूर्त 1888 चा, गाड्या धावू लागल्या 1891 साली. पुढं सह्याद्री आडवा, त्यामुळं रूळ इथं संपले ते आजतागायत. वैभववाडीमार्गे कोकणात उतरायच्या गप्पा अजून चालूच आहेत. सुरुवातीची लाइन मीटर गेज, म्हणजे अरुंद रुळांची होती. मुंबईहून येणाऱ्याला पुण्यात गाडी बदलावी लागे, म्हणजे वाट पाहणं पुण्याच्या नाहीतर मिरजेच्या फलाटावर व्हायचं. 1971 च्या सुमारास ब्रॉडगेज झालं आणि थेट गाड्या आल्या. कोल्हापुरात ‘दोन गाड्यांच्या मधला वेळ’ ही गोष्ट त्यानंतरची.

स्टेशनालगतची शाहूपुरी 1895 मध्ये व्यापारपेठ म्हणून वसवली गेली. गुळाच्या अडती, हमाल, गाडीवान, बाजारादिवशी आलेले शेतकरी अशी उपाशी गर्दी तिथं रोजची. 1901 पासून शहरात एकेका समाजाच्या विद्यार्थ्यांची बोर्डिंगं उभी राहू लागली. दसरा चौकाच्या आसपास त्यांतल्या काहींच्या इमारती अजून दिसतात. 1918 च्या सुमारास शहरातली सिनेमाची पहिली कंपनी निघाली. या सगळ्यांना खाऊ घालणाऱ्या जागा दोन तऱ्हेच्या होत्या, आणि बाहेरच्याचा घोळ होतो तो इथंच.

कोल्हापूरकराच्या तोंडी ‘हॉटेल’ म्हणजे चहा, भजी, मिसळ. जेवायचं ते खानावळीत, राहायचं ते लॉजवर. आजोबांच्या पिढीत ‘हाटेलात बसणं’ हा उनाडपणा समजला जाई, खानावळ मात्र गरजेची. दोन्हींच्या पाट्यांवर शब्द भारदस्त असत: क्षुधाशांतीगृह, विश्रांतीगृह, उपाहारगृह. त्याच्या आधी बहुतेक वेळा आणखी एक शब्द असे, ‘हिंदू’, ‘ब्राह्मण’ किंवा ‘मराठा’. ही सजावट नव्हती. आत कोण बसणार, कपाला हात कोण लावणार, हे पाटीवरच ठरलेलं असे. त्या काळी रेल्वेच्या फलाटावर पाणीसुद्धा हिंदूचं वेगळं आणि मुसलमानाचं वेगळं मिळायचं. म्हणून ‘जुनं हॉटेल’ म्हणताना गोड आठवणींबरोबर ही पाटीही वाचली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

शहरातलं सर्वांत महत्त्वाचं जुनं हॉटेल आज तुम्हाला सापडणार नाही. त्याचं नाव ‘सत्यसुधारक’, जागा भाऊसिंगजी रोड. मालक गंगाराम कांबळे, संस्थानच्या पागेतले अस्पृश्य मानले गेलेले नोकर. सवर्णांच्या हौदाच्या पाण्याला हात लावला म्हणून त्यांना बेदम मारहाण झाली होती. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा दिली, कांबळ्यांना नोकरीतून मोकळं केलं आणि स्वतःचा धंदा काढायला सांगून भांडवल दिलं. हॉटेल उघडलं, पण गिऱ्हाईक फिरकेना. मग महाराजांचा खडखडा, म्हणजे त्यांची घोडागाडी, त्या दारात थांबू लागला. महाराज चहा मागवायचे, स्वतः प्यायचे आणि बरोबरच्या बड्या मंडळींच्या हातातही कप द्यायचे. दरबारात कामासाठी आलेल्या माणसाला तो कप नाकारता येत नसे.

यावर वाद घालणारे आजही भेटतात. कुणी म्हणतं, राजाच्या धाकानं प्यायलेल्या चहानं मनं बदलत नाहीत. मला हा आक्षेप पटत नाही. 1919 मध्ये सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने इथली शिवाशिव बंद करणारे हुकूम निघाले, मार्च 1920 मध्ये माणगावची अस्पृश्य समाजाची परिषद झाली. हुकूम कागदावर राहू शकतो. भर रस्त्यावर, लोकांच्या डोळ्यांदेखत उष्टावलेला कप कागदावर राहत नाही. आणि शाहूंचं पहिलं स्मारक नंगीवली चौकात उभं केलं ते याच कांबळ्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी, दरबारानं नव्हे.

आज स्टेशनातून निघून व्हीनस कॉर्नर, दसरा चौक करत भाऊसिंगजी रोडला चालत जाता येतं. वाटेत टाऊन हॉल लागतो, 1872 ते 76 मधली गॉथिक इमारत. आतल्या संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर उत्खननात निघालेली पोसायडनची ब्राँझची मूर्ती आहे. वीतभरही नाही; पण रोमन जगातला हा समुद्रदेव पंचगंगेच्या काठापर्यंत आला होता. पुढं भवानी मंडप, अंबाबाई, खासबागेचं कुस्तीचं मैदान. मैदानाला लागून असलेलं 1915 चं नाट्यगृह ऑगस्ट 2024 मध्ये आगीत जळालं. त्या रात्री माणसं रस्त्यावर उभी राहून रडत होती.

भाऊसिंगजी रोडवर सध्या दुसरीच वर्दळ आहे. ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे मुंबईबाहेर बसणारं खंडपीठ, इथल्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत बसतं. त्यासाठीचं आंदोलन कित्येक दशकं चाललं होतं. सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गातले पक्षकार आता मुंबईऐवजी इकडं येतात. त्यांतले रेल्वेनं येणारे पुकारा होईपर्यंत किंवा परतीच्या गाडीपर्यंत इथंच कुठंतरी बसतात. त्यांच्यासाठी टपऱ्या वाढल्या, मिसळीच्या ताटल्या वाढल्या. बरोबर पाव नाही, स्लाइस ब्रेड. वर हवा तेवढा कट, जगमधून ओतलेला. बाकड्यावर फायलींची पिशवी मांडीवर धरून पक्षकार बसलेला असतो, शेजारी त्याचा वकील, पलीकडं रिक्षावाला. कुणाची जात कोण, हे त्या बाकड्यावर कुणी विचारत नाही.