गेममध्ये पाऊस आला की रेकॉर्डिंगचा चिखल का होतो?

परवा भाचा लॅपटॉप घेऊन आला आणि म्हणाला, मामा हे बघ ना, जीटीए फाईव्हचं रेकॉर्डिंग, ऊन आहे तोपर्यंत एकदम क्लियर आणि पाऊस सुरू झाला की सगळा नुसता चिखल, ग्राफिक्स कार्ड गेलं का रे माझं? कार्ड ठणठणीत होतं. गेम खेळताना त्याला थेंब न् थेंब दिसत होता, चिखल फक्त फाईलमध्ये होता. आणि यामागचं कारण मला इतकं आवडतं की त्याला तासभर सांगत बसलो, तेच इथे लिहितो.

आधी हिशोब करू. फुल एचडी स्क्रीनवर 1920 गुणिले 1080 म्हणजे जवळपास 20 लाख 73 हजार ठिपके असतात, प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला 3 बाइट, म्हणजे एका चित्राला 62 लाख बाइट झाले, आणि गेम सेकंदाला 60 चित्रं दाखवतो. सेकंदाला 373 एमबी! मिनिटाला 22 जीबीच्या वर. भाच्याच्या ओबीएसमध्ये, म्हणजे स्क्रीन रेकॉर्ड करायच्या सॉफ्टवेअरमध्ये, बिटरेट होता 6000 किलोबिट, म्हणजे सेकंदाला 60 लाख बिट, बाइटमध्ये साडेसात लाख. म्हणजे दर 500 बाइटमधले 499 गाळायचे आणि उरलेल्या एका बाइटवर चित्र उभं करायचं. हे काम करणाऱ्याला एन्कोडर म्हणतात.

तो हे कसं जमवतो? रजिस्टर भरताना आपण एकच पत्ता दहा ओळींत लिहित नाही, खाली "वरीलप्रमाणे" लिहून मोकळे होतो, अगदी तसं. 2003 साली आलेल्या एच.264 या पद्धतीत चित्राचे 16 बाय 16 ठिपक्यांचे चौकोन पाडतात, फुल एचडीत असे 8160 चौकोन. मग प्रत्येक चौकोनासाठी एन्कोडर मागच्या चित्रात शोधतो की असाच तुकडा कुठे होता का. जागेवरच सापडला तर नुसतं "वरीलप्रमाणे". गाडी पुढे गेल्यामुळे थोडा सरकला असेल तर "वरीलप्रमाणे, पण 7 ठिपके डावीकडे". हे सरकणं तो पाव ठिपक्यापर्यंत बारीक मोजतो, आणि हे सगळं सेकंदाला 60 वेळा! मला तर अजूनही दरवेळी नवल वाटतं. म्हणून डेस्कटॉपवर एक्सेल शिकवणारा तासाभराचा व्हिडिओ छोटा होतो, तिथे बहुतेक चौकोन हललेलेच नसतात.

आता पाऊस. थेंब पडतोय खाली, मागची इमारत सरकतीये डावीकडे, आणि थेंब अर्धपारदर्शक, म्हणजे एकाच चौकोनात दोन वेगवेगळ्या हालचाली एकमेकींत मिसळलेल्या. चौकोनाचे अजून छोटे तुकडे करता येतात, 4 बाय 4 पर्यंत, पण थेंब त्याहून बारीक, आणि पुढच्या चित्रात तो थेंब तिथे नाहीच, दुसराच आलाय. "वरीलप्रमाणे" लिहायला वर काही सापडतच नाही. बर्फ, धूर, वाऱ्यावर हलणारं गवत, जुन्या टीव्हीवर यायच्या त्या मुंग्या, सगळ्यांचं हेच.

मग जो फरक उरतो तो लिहावाच लागतो, आणि तो ठिपक्यांत न लिहिता लाटांत लिहितात. छोट्या तुकड्यातली उजेड-अंधाराची चढउतार काही रुंद आणि काही बारीक लाटांची बेरीज म्हणून मांडायची, प्रत्येक लाटेचा आकडा ठराविक पायरीला राउंड करायचा, की बारीक लाटांचे आकडे बहुतेक शून्य होतात आणि शून्यांची रांग लिहायला जवळपास काहीच लागत नाही. ही पायरी क्यूपी नावाच्या 0 ते 51 च्या आकड्याने ठरते, क्यूपी 6 ने वाढला की पायरी दुप्पट. या सगळ्याचं मूळ असलेलं गणित 1974 साली नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव यांनी छापलं. अहमद मूळचे बेंगळुरूचे, या कल्पनेसाठी त्यांनी अमेरिकेत अनुदान मागितलं होतं ते नाकारलं गेलं, तरी त्यांनी काम सोडलं नाही. आज आपल्या फोनमधला जवळपास प्रत्येक फोटो आणि व्हिडिओ त्या गणितावर किंवा त्याच्या भाऊबंदांवर चालतो.

पाऊस म्हणजे नेमक्या बारीक लाटा. आणि बजेट किती? 60 लाख बिट भागिले 60 चित्रं, भागिले 8160 चौकोन, चौकोनाला सरासरी 12 बिट. मूळ चौकोन 6144 बिटांचा! उन्हात अर्धेअधिक चौकोन फुकटात सुटतात म्हणून बाकीच्यांना भरपूर मिळतं, पावसात सगळेच एकदम हात पसरतात, एन्कोडर क्यूपी वाढवतो, बारीक लाटा शून्य होतात आणि आपल्याला चिखल दिसतो.

म्हणून "ही सीक्रेट सेटिंग लावा" आणि "एआयने खराब व्हिडिओ पुन्हा ओरिजिनल करा" असल्या गोष्टींवर पैसे घालवू नका. फाईलमधून गेलेला थेंब परत येत नाही, एआय त्या जागी आपल्या अंदाजाने दुसरा थेंब रंगवतं, दिसायला छान दिसेलही पण तो तुमच्या गेममधला नाही. आणि रेकॉर्डिंगने कार्ड जळतं ही पण अफवाच, एनव्हीडिया कंपनीच्या बहुतेक कार्डांत 2012 पासून एन्कोडिंगचा भागच वेगळा असतो.

भाच्याला ओबीएसमध्ये सीबीआर (ठरलेला बिटरेट) काढून सीक्यूपी (ठरलेला क्यूपी) लावून दिलं, आकडा 20. आता बिट ठरलेले नसतात, पायरी ठरलेली असते, लागतील तेवढे बिट घे म्हणायचं. फाईल एमकेव्ही फॉरमॅटमध्ये ठेवायला सांगितली, कारण साध्या एमपी4 ची अनुक्रमणिका शेवटी लिहिली जाते, मध्येच लाईट गेली तर अख्खी फाईल उघडत नाही. संध्याकाळी त्याने तोच रस्ता पावसात पुन्हा चालवला. वायपरवरचे थेंबसुद्धा दिसत होते, फाईल मात्र आधीपेक्षा कितीतरी फुगली होती, आणि आता तो डिस्कवर जागा करायला जुने चिखलाचे व्हिडिओ उडवत बसलाय.