वीट भिंतीत बसली नाही, तर

कर्करोगाचा संशय असलेल्या गाठीच्या पातळ कापाची काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, की रोगनिदानतज्ज्ञ ज्या खुणा शोधतो त्यात पेशीच्या केंद्रकातला एक गडद ठिपकाही असतो. हा ठिपका म्हणजे केंद्रिका. निरोगी पेशीत ती बहुधा लहान आणि नीटस असते. उग्र गाठीत ती फुगते, वेडीवाकडी होते, कधी एकाच केंद्रकात तीन-चार दिसतात. जुझेप्पे पियानेसे या इटालियन रोगनिदानतज्ज्ञाने हे १८९६ सालीच टिपून ठेवलं होतं. केंद्रिका नेमकं करते काय, हे उलगडायला मात्र पुढची साठ-सत्तर वर्षं गेली. तिथे रायबोसोमचे भाग जुळवले जातात, आणि रायबोसोम म्हणजे पेशीतली प्रथिनं विणणारं यंत्र. भराभर वाढणाऱ्या पेशीला प्रथिनंही भराभर लागतात, म्हणून तिचा कारखाना सुजलेला.

माणसाचा रायबोसोम जेमतेम २५ ते ३० नॅनोमीटरचा. त्यात आरएनएचे ४ रेणू आणि ८० प्रथिनं असतात. लहान भागातल्या प्रथिनांची नावं आरपीएस, मोठ्या भागातल्यांची आरपीएल, पुढे क्रमांक. व्यंकटरामन रामकृष्णन, थॉमस स्टाइट्झ आणि आदा योनाथ यांना २००९चं रसायनशास्त्राचं नोबेल ज्या कामासाठी मिळालं, त्या कामाने रायबोसोमची अणूंपर्यंतची रचना समोर आली. अमिनो आम्लं एकमेकांना जोडण्याचं मुख्य काम आरएनए करतो, हेही त्यातून पक्कं झालं. मग प्रथिनं कशाला? आरएनएला आकारात धरून ठेवायला. थोडक्यात, भिंतीतल्या विटा. या विटांकडे बराच काळ कुणी फारसं वळून पाहिलं नाही, यात नवल नाही.

त्यातली आरपीएल-११ ही वीट मला सगळ्यात मजेशीर वाटते. तिचं खरं रूप भिंतीबाहेर राहिली तरच दिसतं.

पी-५३ या प्रथिनाचं नाव अनेकांनी ऐकलं असेल. डीएनएला इजा झाली, की ते पेशीचं विभाजन रोखतं, फारच बिघाड असेल तर तिला मरायला लावतं. सगळं सुरळीत असताना असा कडक पहारेकरी घरात नकोच. म्हणून एमडीएम-२ नावाचं दुसरं प्रथिन त्याच्यावर युबिक्विटिनचा शिक्का मारत राहतं, आणि शिक्का बसलेला पी-५३ थोड्याच वेळात मोडीत निघतो. तो सतत तयार होतो आणि सतत मोडला जातो. उधळपट्टी वाटते खरी, पण यामुळेच संकटाच्या वेळी नुसतं मोडणं थांबवलं की पुरतं.

आता समजा, केंद्रिकेत रायबोसोमचा आरएनए तयार होणंच अडलं. आरपीएल-११, तिची जोडीदार आरपीएल-५ आणि ५एस नावाचा छोटा आरएनए हे त्रिकूट रायबोसोममध्ये एकत्रच बसतं. गंमत अशी, की ५एस आरएनए केंद्रिकेबाहेर, वेगळ्याच एन्झाइमकडून तयार होतो. त्यामुळे कारखाना बंद पडला तरी त्रिकूट तयार होतच राहतं, फक्त त्याला बसायला जागा उरत नाही. मग ते एमडीएम-२ला जाऊन चिकटतं. एमडीएम-२चा शिक्का थांबतो आणि पी-५३ साठू लागतो. म्हणजे वीट पडून राहिली, हीच पेशीला बांधकाम थांबल्याची वर्दी. ज्या उंदरांमध्ये एमडीएम-२मधलं एकच अमिनो आम्ल बदलून हे चिकटणं बंद केलं, त्यांना मिक या जनुकामुळे होणारा लिम्फोमा, म्हणजे लसिका पेशींचा कर्करोग, लवकर झाला.

औषधाचा विचार इथे सुरू होतो. आणि इथेच ‘रायबोसोमचं प्रथिन औषधाचं लक्ष्य’ अशा मथळ्यांनी दिशाभूल होते. आरपीएल-११ नष्ट करायची नाहीये, ती मोकळी करायची आहे. नेम धरायचा तो कारखान्यावर. अशी औषधं नकळत आपल्या हातात होतीच. १९४० साली सापडलेलं ॲक्टिनोमायसिन-डी मुलांच्या मूत्रपिंडाच्या कर्करोगावर, विल्म्स ट्यूमरवर, कित्येक दशकं वापरात आहे. अगदी कमी मात्रेत ते रायबोसोमच्या आरएनएचं उत्पादनच आधी अडवतं. ऑक्सॅलिप्लॅटिन हे तर सिसप्लॅटिन या कर्करोगावरच्या औषधाचं भावंड, दोघांतही प्लॅटिनम. पण ते पेशी मारतं ते डीएनएला इजा करून नव्हे, तर रायबोसोमची जुळणी बिघडवून, असं २०१७च्या संशोधनाने दाखवलं.

अडचणी दोन. सुमारे निम्म्या कर्करोगांत पी-५३चं जनुकच बिघडलेलं असतं. पहारेकरीच नसेल तर वर्दी द्यायची कुणाला? दुसरी अडचण, रायबोसोम प्रत्येक पेशीला लागतात, तेव्हा सुक्याबरोबर ओलंही जळणार. डायमंड-ब्लॅकफॅन ॲनिमिया या लहान मुलांच्या जन्मजात रक्तविकारात हे दिसतं. या मुलांमध्ये बहुधा रायबोसोमच्या एखाद्या प्रथिनाच्या जनुकाची एक प्रत निकामी असते; त्यातलं पहिलं जनुक, आरपीएस-१९, १९९९ साली सापडलं. पहिला फटका लाल रक्तपेशी बनवणाऱ्या अस्थिमज्जेला बसतो. पुढे याच रुग्णांना काही कर्करोगांचा धोकाही जास्त असतो. कमतरतेतून वाढ कशी होते, हे कोडं अजून पुरतं सुटलेलं नाही.

बायोमार्कर, म्हणजे रोगाची मोजता येणारी खूण, म्हणून या प्रथिनांकडे पाहिलं तर वेगळाच पेच. प्रयोगशाळेत एखाद्या जनुकाचं प्रमाण मोजताना तुलनेला न बदलणारं जनुक लागतं, आणि आरपीएल-१३ए किंवा आरपीएलपी-० अशी रायबोसोमच्या प्रथिनांची जनुकंच त्यासाठी निवडली जातात. जी मोजपट्टी म्हणून वापरायची, तीच रोगाची खूण म्हणून कशी चालेल? त्यामुळे ‘अमुक प्रथिन गाठीत वाढलेलं आढळलं’ एवढ्यावर माझा विश्वास बसत नाही. नेमका बदल दाखवता आला तर गोष्ट वेगळी. टी-पेशींच्या ल्युकेमियात काही मुलांमध्ये आरपीएल-१०च्या ९८व्या जागी आर्जिनिन या अमिनो आम्लाऐवजी सेरिन येतं. ते एक तर असतं किंवा नसतं. स्तनाच्या कर्करोगात रक्तातून फिरणाऱ्या पेशींवरच्या २०२०च्या संशोधनात आरपीएल-१५ वाढवल्यावर उंदरांमध्ये गाठी दूरवर पसरल्या. म्हणजे तिथे ती नुसती खूण नाही, कारणही आहे.

रोजच्या कामात रुळलेली खूण मात्र आरपीएस-६. एम-टॉर ही वाढीची साखळी चालू असली, की या प्रथिनाच्या सेरिनवर फॉस्फेट चढतो. तो ओळखणारी प्रतिपिंडं लावली, की काचेवर तपकिरी रंग उमटतो. ही साखळी रोखणारं एव्हरोलिमससारखं औषध लागू पडलं, तर रंग फिका होतो. ते फॉस्फेट बसूच शकणार नाहीत असे उंदीर घडवले, तरी ते जगले आणि त्यांना पिल्लंही झाली. तेव्हा खूण म्हणून ही चांगली, लक्ष्य म्हणून जवळजवळ निरुपयोगी. शिवाय हा फॉस्फेट नाजूक. शस्त्रक्रियेत काढलेला तुकडा फॉर्मॅलिन या ऊती टिकवणाऱ्या द्रावणात पडायला वेळ लागला, तर तो ऊतीतच गळून जातो. मग काच फिकी दिसते, आणि ती औषधामुळे फिकी की टेबलावर तुकडा तसाच राहिल्यामुळे, हे काच सांगत नाही. म्हणून तुकडा किती वाजता काढला आणि किती वाजता बाटलीत टाकला, हे तपासणीच्या अर्जावर लिहून घ्यावं लागतं.