नुसतं टक् वाजलं म्हणजे बॅटरी गेली? न्हाई ओ!

जुनी गाडी कधी एका चावीत सुरू होते, कधी नुसतं टक् करून गप्प, की लगेच सगळे सांगतात बॅटरी बदल. लय वर्षं चाललेला गैरसमज हाय ह्यो. माझ्या भावानं नवीन बॅटरी टाकली आणि तिसऱ्या दिवशी रंकाळ्यावर परत तेच! आधी मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचं मीटर, लावा की. टक् होताना बॅटरीवर 12 व्होल्ट टिकत असतील तर बॅटरीत दम हाय, करंटच पुढं जात न्हाई. आमच्यात इंजिन ते बॉडीच्या अर्थिंग वायरीचा बोल्ट हिरवा पडलेला, पॉलिश पेपरनं लखलखीत घासला, आवळला, तेव्हापासून एकदापण अडली न्हाई. वायरी चांगल्या असतील तर मग स्टार्टरच्या (इंजिन फिरवणाऱ्या मोटरच्या) सोलेनॉइडचे, म्हणजे तिला करंट जोडणाऱ्या स्विचचे, कॉन्टॅक्ट मेकॅनिकला उघडून बघायला सांगा, झिजलेले असतात बऱ्याचदा.